साडूंचं खोकं

बाजारात मिळणारी प्रत्येक तयार वस्तू हा आपल्या बुद्धीचा जाहीर अपमान आहे, असं मानणारा एकच माणूस देवाने अख्ख्या नाशिक जिल्ह्यात जन्माला घातला आणि नेमका तोच माझा साडू केला. साडू हे नातं तसं निरुपद्रवी. दोघांनी एकाच घरच्या मुली केल्या, एवढाच काय तो समान गुन्हा. लग्नाकार्यात शेजारी बसायचं, पंगतीत एकमेकांना जिलबीचा आग्रह करायचा आणि सासऱ्यांसमोर एकमेकांची तोंडदेखली स्तुती करायची, यापलीकडे साडूंनी एकमेकांच्या आयुष्यात ढवळाढवळ करू नये, अशी जगरहाटी आहे. पण आमचे साडू जगरहाटीसुद्धा तयार घेत नाहीत. तीही ते मुळापासून बनवतात.

‘मुळापासून’ हा त्यांचा शब्द. तो उच्चारताना त्यांचा आवाज आरतीच्या शेवटच्या कडव्यासारखा चढतो. सातपूरच्या एका कारखान्यात ते यंत्रांचे कंट्रोल पॅनेल सांभाळतात, पंचवटीत पेठ रोडला राहतात, आणि इतर लोक खिशात पेन ठेवतात तिथे ते टेस्टर ठेवतात. एकदा माझ्या मेडिकल दुकानात डोकेदुखीची गोळी घ्यायला आले. गोळी हातात घेतली आणि ती कशापासून बनते, ते कशापासून बनतं, आणि ते मुळात येतं कुठून, हे विचारत काउंटरला असे चिकटून उभे राहिले की मागे खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्यांनाही डोकेदुखीची गोळी द्यावी लागली. शेवटी मी म्हटलं, “साडूभाऊ, मी गोळ्या विकतो, बनवत नाही.” त्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या करुणेने पाहिलं, तशी करुणा लोक रस्त्यावर गाडीखाली आलेल्या कुत्र्यासाठी राखून ठेवतात.

नाशिककराला मिसळीचं आमंत्रण देणं ही गंभीर बाब आहे. साडूंनी ते एकदा दिलं. आम्ही नवरा-बायको रविवारी सकाळी रिकाम्या पोटी हजर झालो, तर साडू घामाघूम होऊन जात्याशी बसलेले. मटकीला मोड घरी आणले होते, तिथपर्यंत कोणाचीच तक्रार नव्हती. पण फरसाण विकतचं कसं चालेल? म्हणून शेव घरची. शेवेला बेसन विकतचं कसं चालेल? म्हणून हरभऱ्याची डाळ दळायची. गिरणीत कशी दळायची, आधीच्याने तिथे काय दळलं कोण जाणे? म्हणून जातं. आणि जातं नीट दळेना, त्याला टाकी लावायला हवी होती, म्हणून साडू आता छिन्नीला धार करत होते. ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीने, आम्हाला डोळ्याने खुणावलं. आम्ही तिघं ‘कोथिंबीर आणतो’ म्हणून खाली उतरलो, कोपऱ्यावर झणझणीत मिसळ खाल्ली, तोंडं पुसली आणि परत आलो. साडू अजून धारच करत होते. त्यांची मिसळ आम्ही पुढच्या रविवारी खाल्ली. पाव मात्र विकतचे होते आणि त्याबद्दल साडूंनी आमची मनापासून माफी मागितली.

अशा माणसाच्या हाती संगणक लागल्यावर जे व्हायचं तेच झालं. तुम्हीआम्ही संगणक विकत घेतो, बटण दाबतो, आत जे काही असेल ते सुरू होतं आणि आपण कामाला लागतो. त्या ‘जे काही असेल’ त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. ती तयार घेणं साडूंना मंजूर नव्हतं. त्यांनी तिचा सोर्स, म्हणजे माणसांनी लिहिलेला मूळ मजकूर उतरवून घेतला आणि त्यातून स्वतःची सिस्टिम बांधायला काढली. सोर्स म्हणजे काय, हे त्यांनी मला एकदा गोदाघाटावर उभं करून समजावलं. “गोदामाई उगवते ब्रह्मगिरीवर,” ते म्हणाले, “आणि तुम्ही डुबकी मारता रामकुंडात. मधे पाण्यात काय काय आलं, तुम्हाला माहीत आहे का?” मी नाही म्हटलं. “मी वर जाऊन पाणी भरतो,” साडू म्हणाले. मी म्हटलं, आमच्याकडे महापालिकेच्या नळाचं पाणी पिऊन अजून कोणी दगावलेलं नाही. साडू शांतपणे म्हणाले, “अजून.”

माणसाने लिहिलेला हा मजकूर यंत्राला कळत नाही. तो यंत्राच्या भाषेत उतरवावा लागतो, त्याला कंपाइल करणं म्हणतात आणि ते करणाऱ्या प्रोग्रॅमला कंपाइलर. साडू अर्थातच कंपाइलरही तयार घेत नसत. आधी कोणाच्या तरी कंपाइलरने एक कच्चा कंपाइलर बनवायचा, त्या कच्च्याने पक्का बनवायचा आणि मग त्या पक्क्याने बाकीचं सगळं. “पण मग तो अगदी पहिला कंपाइलर तुम्ही तयारच घेतलात की,” असं मी एकदा सहज म्हणालो. साडूंचा चेहरा उतरला. ते ताटावरून उठले नाहीत एवढंच. ताई मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, “त्या गोष्टीचा त्यांना आधीच त्रास होतो. तुम्ही परत काढू नका.”

बांधकामाच्या दिवशी त्या घरात मिक्सर, गीझर आणि इस्त्री यांना बंदी असे, कारण संगणक पूर्ण ताकदीने पळत असताना फ्यूज उडाला की पुन्हा पहिल्यापासून. पाहुण्यांनी आंघोळ करून यायचं आणि चुरगळलेल्या कपड्यांत बसायचं. काम सुरू झालं की पडद्यावरून अक्षरांच्या ओळी धबधब्यासारख्या पळत, आणि साडू त्यांच्याकडे बघत बसत. पन्नाशीचा माणूस, पोटापुरतं कमावणारा, आणि तासन्‌तास ओळी बघतोय. मी विचारलं, यात बघण्यासारखं काय आहे? ते म्हणाले, “काहीच नाही. काही दिसलं तर ती चूक असते.”

हे सगळं त्यांच्या घरातल्या घरात चाललं होतं तोवर माझं काही जात नव्हतं. पण मग सासऱ्यांचा प्रश्न निघाला.

आमचे सासरे, म्हणजे नाना, सायखेड्याला गोदाकाठच्या मळ्यात एकटे राहत. सासूबाई जाऊन काही वर्षं झाली होती. मुली दोनच आणि दोघी नाशकात. शेत वाट्याने दिलेलं, तरी नाना रोज बांधावरून फेरी मारत आणि वाटेकऱ्याने लावलेल्या कोथिंबिरीत चुका काढत. एकदा चक्कर येऊन पाटाच्या कडेला पडले. बऱ्याच वेळाने वाटेकऱ्याला दिसले, म्हणून निभावलं. तेव्हापासून दोघी बहिणींनी एकच धोशा लावला की घराला कुलूप घाला आणि नाशकाला या. नाना म्हणत, “तिथं फ्लॅटात काय करू मी? ग्यालरीतल्या कुंडीला पाणी घालू?” मग निदान फोन तरी उचलत जा, असं मुलींचं म्हणणं. “उचलला का तुम्ही इचारता, जेवला का, गोळी घेतली का. मी काय साळंतलं पोरगं हाय का, रोज हजेरी द्यायला? लय झालं तुमचं.” एवढं बोलून त्यांनी फोन ज्वारीच्या कोठीत टाकला. कोठीत वाजलेला फोन बांधावर ऐकू येत नाही, हा त्यांचा शोध होता. शेवटी मळ्यातच सगळ्यांची बैठक बसली आणि ताईंनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली. मळ्यातून उपटलेले नाना किती दिवस टिकतील, हे विचारायचं धाडस कोणाला नव्हतं, आणि त्यांना एकटं ठेवायचं धाडसही कोणाला नव्हतं.

त्या बैठकीत साडू एकदम म्हणाले, “नानांनी रोज उठल्यावर एक खटका दाबायचा आणि झोपताना एक. बोलायचं काही नाही. इकडे आमच्या भिंतीवरच्या स्क्रीनवर अक्षरं उमटतील. उमटली की समजायचं, नाना ठीक आहेत. सकाळी नाही उमटली, तर आपण निघायचं.” सगळे नानांकडे बघायला लागले. नानांनी जरा विचार केला आणि म्हणाले, “खटका ना? दाबीन की. मोटरीचा दाबतोच रोज.” मुली तयार झाल्या. मी उत्साहाच्या भरात म्हणून गेलो की असं काहीतरी बाजारात तयार मिळत असेल. त्यावर साडूंनी माझ्याकडे पुन्हा गाडीखाली आलेल्या कुत्र्याकडे बघावं तसं पाहिलं.

तर अशा रीतीने साडूंच्या मुळापासूनच्या वेडाला घरच्यांचा आशीर्वाद मिळाला. नानांकडे ठेवायचं यंत्र म्हणजे एका लाकडी खोक्यात बसवलेला तळहाताएवढा संगणक होता. खोकं अर्थात घरी बनवलेलं. (हल्ली खोकं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर भलतंच येतं. ‘जावयाने सासऱ्यांना खोकं दिलं’ ही बातमी सायखेड्यात पसरल्यावर आठवडाभर लोक नानांना अदबीने नमस्कार करत होते.) त्या एवढ्याशा जिवावर अख्खी सिस्टिम बांधायची म्हणजे पुढची दिवाळी उजाडली असती. म्हणून ती बांधायची नाशिकच्या मोठ्या संगणकावर आणि चालवायची सायखेड्याच्या खोक्यात. पण दोन्ही यंत्रांची भाषा वेगळी. एका भाषेच्या यंत्राने दुसऱ्या भाषेच्या यंत्रासाठी बांधायचं, याला क्रॉस कंपाइल म्हणतात. साडूंनी नानांना ते असं सांगितलं, “मुलगी वाढते माहेरी, नांदते सासरी. वाढवतानाच तिला सासरचं वळण लावायचं.”

नाना म्हणाले, “आन्‌ नाय नांदली तर?”

“तर परत आणायची आणि पहिल्यापासून वाढवायची.”

“बरं हाय,” नाना म्हणाले, “आम्हाला ही सोय नव्हती.” आणि आम्हा दोघा जावयांकडे त्यांनी आळीपाळीने पाहिलं.

ती मुलगी काही लवकर नांदली नाही. साडू तिला एका नखाएवढ्या कार्डावर घालून, कार्ड टेस्टरशेजारी खिशात ठेवून, स्कूटरवरून सायखेड्याला घेऊन जात आणि तोंड पाडून परत आणत. कधी उंबऱ्यावरच अडली, कधी आत गेली आणि मुकी झाली, एकदा तर साडूंनी भलत्याच घराण्याच्या यंत्रासाठी वाढवलेली निघाली. चूक दर वेळी दुसऱ्याची असे. कार्ड विकणाऱ्याची, मोबाइल कंपनीची, वीज मंडळाची, चिप बनवणाऱ्या परदेशी माणसाची. साडूंची कधीच नसे. एक दिवस नानांच्या अंगणात उभं राहून ते ताईंना फोनवर ओरडून सांगत होते, “कर्नल पॅनिक झालाय! अगं, कर्नल! पॅनिक!” सिस्टिमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात आणि तो हात वर करून बसला की त्याला असं म्हणतात, हे मला नंतर कळलं. कोपऱ्यात विळ्याला धार लावत बसलेल्या वाटेकऱ्याला तेही कळलं नव्हतं. त्याने हळूच विचारलं, “देवळालीचं का हो सायेब?” नाना खाटेवरून म्हणाले, “मिल्ट्रीतला आसून घाबरतो म्हंजे कमाल हाय.”

पण दिवाळीच्या आत ती एकदाची नांदायला लागली. नाना सकाळी खटका दाबत आणि पेठ रोडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘आलो’ उमटे, खाली वेळ. संध्याकाळी दाबत तेव्हा दुसरा शब्द उमटे आणि खोकं बंद होई. फक्त पहिल्या दिवशी जरा गोंधळ झाला. ताईंनी चहा टाकताना बघितलं तर ‘आलो’ खाली वेळ लिहिलेली, मध्यरात्री साडेबारा. संध्याकाळी आणखी वाईट, नाना भरदुपारी दीडला झोपलेले. ताईंनी रडून घर डोक्यावर घेतलं. नानांना दिवसरात्रीचं भान राहिलेलं नाही, डॉक्टरांकडे न्या, असं त्यांचं चाललेलं, आणि मला दुकान बंद करून मेंदूच्या डॉक्टरचा नंबर शोधायला लावलेलं. मग साडू जरा खाकरले आणि म्हणाले की खोक्याला भारतातलं घड्याळ द्यायचं राहून गेलंय, ते इंग्लंडच्या वेळेने चालतंय. “चूक तशी माझी नाही,” त्यांनी लगेच जोडलं, “जगाने वेळ तिथून मोजायला नको होती.” पुढे कितीतरी दिवस मी त्यांना ‘नाना लंडनहून परत आले का?’ असं विचारत असे, आणि ते न ऐकल्यासारखं करत.

सगळं सुरळीत चाललं असताना नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नाशिकला मुलींकडे राहून, पथ्यपाणी करून, नवा चष्मा लावून नाना मळ्यात परतले आणि त्यांना आपल्या खोक्यावरच्या छोट्या पट्टीवरची अक्षरं आयुष्यात पहिल्यांदा वाचता आली. सकाळी खटका दाबला. ‘आलो.’ ठीक. संध्याकाळी खटका दाबला आणि नाना ताडकन उठले. कोठीतून फोन काढला, ज्वारी झटकली आणि स्वतः होऊन थोरल्या जावयाला फोन लावला. असं आजवर कधी घडलं नव्हतं. मी तेव्हा साडूंकडेच बसलो होतो.

“जावईबापू, ह्ये काय लिवलंय? ‘जातो’? कुठं जातो मी?”

“नाना, म्हणजे यंत्र बंद होतं ना, म्हणून…”

“यंत्राचं मला नका सांगू. खटका कोण दाबतं? मी. मंग ते मीच म्हनलो ना? म्हातारा मानूस रोज दिवे लागल्यावर लेकीला ‘जातो’ सांगतोय, बरं हाय का हे? आपल्यात घरातून निघताना कुणी ‘जातो’ म्हनतं का? ‘येतो’ म्हनावं. येवढं शिकला तुम्ही, येवढं कळंना?”

साडूंनी फोन कानाला धरूनच भिंतीकडे पाहिलं. स्क्रीनवर त्या क्षणीही मोठ्या अक्षरांत ‘जातो’ होतं. गेले कितीक दिवस ते रोज संध्याकाळी तिथे होतं, त्याखाली बसून आम्ही सगळे जेवलो होतो आणि शुभ-अशुभ काढायला एरवी टपलेल्या घरात हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. नाना पुढे म्हणाले की हे बदललं नाही, तर उद्यापासून आपण संध्याकाळचा खटका दाबणार नाही. आणि खटका नाही तर मळा नाही, कुलूप आणि नाशिक, हा करार होता. ताईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की मी चपला शोधायला लागलो. “माझ्या वडलांना रोज ‘जातो’ म्हणायला लावलंत?” त्या म्हणाल्या. “तुम्ही स्वतः कोपऱ्यावर सुपारी आणायला निघालात तरी ‘येतो’ म्हणता!”

मी समजुतीने म्हटलं, “एका अक्षराचा तर प्रश्न आहे, ‘जा’ काढा, ‘ये’ घाला.” पण ते इतकं सोपं असतं तर ते साडूंचं काम कसलं? दुसऱ्या कोणीही असले शब्द बाहेर एखाद्या साध्या फाइलीत ठेवले असते. साडूंनी ते सिस्टिमच्या पोटात घातले होते, कारण बाहेर ठेवलेला शब्द कोणीही येऊन बदलू शकतो. आता तो त्यांनाही बदलता येईना. एका अक्षरासाठी पोरगी माहेरी आणून मुळापासून वाढवायची होती. आणि वेळ अशी साधली होती की दुसऱ्याच दिवशी ताईंचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं.

त्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका अजून त्याची आठवण काढतात. बाहेर अत्तरदाणी, गुलाबदाणी, वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे, आणि आतल्या खोलीतून पिठाच्या गिरणीसारखी घरघर. मधेच पडदा सरकवून साडू डोकं बाहेर काढत आणि “पक्का कंपाइलर झाला!” असं जाहीर करून आत जात. एका बाईंनी भीत भीत ताईंचं अभिनंदन केलं. मसाला दुधासाठी माझ्या बायकोने मिक्सर लावला, घरातले सगळे दिवे गेले, घरघर थांबली आणि आतून फक्त “अरेरे” असं ऐकू आलं. मेणबत्तीच्या उजेडात उरलेल्या बायकांनी हळदीकुंकू लावलं, काहींच्या नाकाला लागलं. साडूंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी ते रजा टाकून सायखेड्याला गेले आणि त्या संध्याकाळी भिंतीवर उमटलं, ‘येतो’. ताई पोळ्या लाटत होत्या. मान वळवून त्यांनी वाचलं आणि सवयीने म्हणाल्या, “या हं.”

मग ते रोजचंच झालं. दिवेलागणीला भिंतीवर ‘येतो’ उमटायचं, आणि ताई लाटणं न थांबवता ‘या हं’ म्हणायच्या. नाना मळ्यात राहिले, कोथिंबिरीत चुका काढत राहिले. आणि नीट चाललेली गोष्ट नीट चालू देणं साडूंच्या स्वभावात नसल्याने ते दर थोड्या दिवसांनी सोर्सची नवी आवृत्ती आली म्हणून सिस्टिम पुन्हा बांधत आणि कार्ड बदलायला सायखेड्याला जात. नाना वैतागत, “आता नांदतीय ना? मंग नांदू द्या की तिला.” कार्ड बदलायला किती वेळ लागतो ते मी पाहिलं आहे. चहा गाळायला त्याहून जास्त लागतो. पण साडू सकाळी जात, नानांबरोबर बांधावर बसत, मोटरचा पंप उघडून पुन्हा बसवत, आणि संध्याकाळी कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन येत. साडूंना वडील लहानपणीच गेलेले. ते त्याबद्दल कधी बोलत नाहीत आणि मीही कधी विचारलेलं नाही. पण सिस्टिमला एवढ्या नव्या आवृत्त्या लागत नसतात, एवढं आता मेडिकलवाल्यालाही कळतं.

या वर्षी उन्हाळा लागता लागता एका सकाळी ‘आलो’ उमटलं नाही.

साडूंचा फोन आला, “गाडी काढा.” मी म्हटलं, “काय, नाना पुन्हा लंडनला का?” त्यांनी फोन ठेवला. मागच्या सीटवर दोघी बहिणी एकमेकींचा हात धरून बसल्या. वाटेकरी कुठल्याशा लग्नाला गावी गेला होता, त्याचा फोन लागत नव्हता. नानांचा कोठीत असणार. साडू माझ्या शेजारी, मांडीवर लॅपटॉप. संभाजीनगर रोडला लागेपर्यंत ते बोलायलाच लागले होते. “माझीच चूक असणार. मागच्या वेळी मी निरोप पाठवायचा भाग बदलला. घाईत केलं. तिथेच काहीतरी राहिलंय.” थोड्या वेळाने पुन्हा, “नाहीतर घड्याळाच्या भागात. घड्याळ माझं कच्चंच आहे.” ज्या माणसाने आजवर जगातल्या कुठल्याही बिघाडाची जबाबदारी घेतली नव्हती, जो ग्रीनिचशीसुद्धा भांडला होता, तो डोळे फाडून एकेक ओळ वाचत स्वतःची चूक शोधत होता. मीही मनात तेच मागत होतो. कुठेतरी एक चूक असू दे, एवढीशी असू दे, मग मी यांना जन्मभर चिडवीन. माडसांगवी मागे पडली तेव्हा त्यांनी लॅपटॉप मिटला. “सापडत नाही हो,” ते म्हणाले.

नाना खाटेवर होते. रात्री झोपेतच, असं गावातले डॉक्टर नंतर म्हणाले. चष्मा उशाशी घडी करून ठेवलेला. खोकं फळीवर, नानांनी संध्याकाळी बंद केलं होतं तसंच, एकदम ठाकठीक. दोघी बहिणी नानांपाशी बसल्या. कोणीतरी म्हणालं की यंत्र बिघडलं होतं का ते एकदा बघा तरी. साडू फळीपाशी गेले, खटक्यावर बोट ठेवलं आणि उचलून घेतलं. तो दाबला असता तर नाशिकच्या भिंतीवर ‘आलो’ उमटलं असतं.

याला आता काही महिने झाले. साडूंच्या घरात मिक्सर कधीही लागतो, इस्त्री केव्हाही करता येते. मोठा संगणक थंड पडलाय. त्यांनी आपल्या खर्चाने फक्त भिंतीवरच्या स्क्रीनला इन्व्हर्टर जोडून घेतला आहे, दिवे गेले तरी तो जाऊ नये म्हणून. इन्व्हर्टर विकतचा आहे. परवा मी गेलो होतो तेव्हा मुद्दाम म्हटलं, “नवी आवृत्ती आली म्हणे, नाही बांधायची?” वाटलं, निदान ब्रह्मगिरीवर तरी नेतील मला. ते म्हणाले, “राहू दे. हीच बरी आहे.”

स्क्रीनवर नानांचा तो शेवटच्या संध्याकाळचा ‘येतो’ अजून तसाच आहे. दिवेलागण झाली, ताईंनी तवा ठेवला. मी उठलो, दारात चपला घातल्या आणि म्हटलं, “चला, येतो.”

“या हं,” ताई आतून म्हणाल्या.

साडू नेहमी जिन्यापर्यंत सोडायला येतात. त्या दिवशी बसूनच राहिले. मी वळून पाहिलं, तर त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. भिंतीकडे बघत, ताईंच्या पाठोपाठ, अगदी हळू आवाजात तेही म्हणाले, “या.”